शेजारची पायरी

अमेरिकन लष्करी बेसवरच्या बायकांच्या आमच्या क्लबात नवऱ्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या बायकोच्या आवाजात ऐकू येतात. कर्नलची बायको बोलायला लागली की सार्जंटच्या बायका निमूट कपड्यांच्या घड्या घालायला लागतात. मला तो नियम लागू नाही. माझा नवरा, रे, सैन्यातून केव्हाच निवृत्त झाला आणि मी या बेटावरचीच. बाकीच्या बायका अमेरिकेतून येतात, दोन-तीन वर्षं राहतात, जाताना गळ्यात पडून रडतात आणि मग नाताळचं कार्डसुद्धा पाठवत नाहीत. मी ओकिनावात जन्मले आणि माझी राखही इथेच होणार. त्यामुळे मला कुणाच्या बापाची भीती नाही, आणि म्हणूनच क्लबाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानाची किल्ली माझ्याकडे असते.

बदली झालेली कुटुंबं जे बरोबर नेत नाहीत ते या दुकानात येऊन पडतं. राइस कुकर, मुलांच्या सायकली, प्लॅस्टिकची नाताळची झाडं. एकदा एका बाईने लग्नाचा झगा आणून दिला आणि का म्हणून विचारूही दिलं नाही. विकून जे येतं ते इथल्या अनाथाश्रमाला जातं, आणि वर्षातून एकदा आमचा फोटो बेसच्या पेपरात येतो. त्या फोटोत पुढे कोणी उभं राहायचं यावरून जी भांडणं होतात ती पाहायला मी फुकटसुद्धा काम केलं असतं. करतेच आहे म्हणा.

पण क्लबाचं खरं काम म्हणजे डिश. कुणी बाळंत झालं, कुणी आजारी पडलं, कुणी नवीन राहायला आलं, की काचेच्या भांड्यात बटाटे, कोंबडी आणि भरपूर चीज घालून ओव्हनमध्ये भाजायचं, वर फॉइल लावायचं आणि त्या घराच्या पायरीवर ठेवून यायचं. बेल वाजवायची नाही. आतल्या बाईला आभार मानण्यापुरते केस विंचरावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार. आणि कुणाचा नवरा गेला तरी हीच डिश. बटाटे तेच, चीज तेच. बारशाला आणि बाराव्याला एकच पक्वान्न करणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

मरणाच्या डिशला मात्र एक नियम आहे. काळी गाडी येऊन गेल्याशिवाय ती ठेवायची नाही. काळ्या गाडीत दोन अधिकारी आणि एक पाद्री असतात, कडक इस्त्रीच्या गणवेशात. बातमी त्यांनी द्यायची. बटाट्यांनी नाही.

त्या शुक्रवारी दुपारपासून पलटणीच्या ऑफिसातला फोन कुणी उचलेना. एवढं झालं की बेसवरच्या बायकांना समजतं. हेलिकॉप्टर पडलेलं असतं, आणि ज्यांचा माणूस गेला त्यांना सांगून होईपर्यंत बाकी कुणाला घरी फोन करू देत नाहीत. मग बायका पडदा बोटभर सरकवून रस्त्याकडे बघत बसतात. गाडी आपल्या दारावरून पुढे गेली की देवाचे आभार मानतात, आणि ती कुठे थांबली ते दिसलं की त्या आभारांची लाज वाटते. रे नोकरीत असताना मीही अशीच बसलेली आहे. ती लाज अजून गेलेली नाही.

गाडी संध्याकाळी ॲनेटच्या दारात थांबली. तिला बेटावर येऊन आठवडाही झाला नव्हता. सामानाची खोकी तशीच भिंतीला लावलेली. तिचा नवरा रसेल समुद्रावरच्या सरावात पडलेल्या त्या हेलिकॉप्टरमध्ये होता. ॲनेटचं ते जोडघर होतं, एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, दोन सारखी दारं, दोन सारख्या पायऱ्या, मधे गवताचा एक पट्टा. शेजारच्या बिऱ्हाडात ट्रूडी आणि वेस. वेस दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी चालत घरी आला.

ट्रूडी म्हणजे दुकानातली सगळ्यात खिदळणारी पोरगी. गिऱ्हाईक गेलं की त्याची नक्कल करायची, माझीसुद्धा करायची. त्या शुक्रवारनंतर ती दुकानात फिरकली नाही. मला वाटलं, शेजारी मरण झालंय, जरा दबली असेल. पण महिना होत आला आणि एक दिवस वेसच दुकानात येऊन उभा राहिला.

"फुमिए-सान, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"बोल की. नुसता उभा राहू नकोस, त्या पेट्या फळीवर चढव."

त्याने सगळ्या पेट्या चढवल्या. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाला, "ट्रूडी माझ्याबरोबर जेवत नाही. ताट वाढते आणि बाहेर जाऊन उभी राहते. मी झोपायला गेलो की उठून सोफ्यावर जाते."

"भांडलात?"

"भांडली असती तर बरं झालं असतं हो. गोड बोलते. चुकून घरात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. येत्या रविवारी नेब्रास्काला आईकडे चाललीय. परतीचं तिकीट काढलेलं नाही."

"तू काय केलंस?"

"त्या फेरीला मी जायचा होतो." आता तो वळला. "रसेल नवीन होता. त्याला वरून बेट बघायचं होतं. मी म्हटलं, जा, माझ्या जागेवर बस. मी पुढच्या खेपेला जातो. घरी आल्यावर मी हे ट्रूडीला सांगितलं. सांगायला नको होतं का?"

"नको होतं," मी म्हटलं. खोटा दिलासा देणं मला जमत नाही. त्या पोराचा चेहरा बघून मात्र मला माझ्याच जिभेचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी ट्रूडीकडे गेले. तिने दार फटीएवढंच उघडलं.

"उघड नीट. तू विकलेला राइस कुकर परत करायला नाही आलेय मी."

ती हसली नाही. गालफडं बसली होती. बॅग भरून दिवाणखान्यात ठेवलेली. मी चहा मागितला, तिने केला, आणि कप माझ्यासमोर ठेवताना एकदम म्हणाली, "त्या दिवशी डिश माझ्या दारात होती, फुमिए-सान."

"कुठली डिश?"

"फॉइलवाली. गाडी यायच्या आधी. दुपारी दार उघडलं तर पायरीवर. अजून गरम होती."

 फोन बंद असताना पायरीवर फॉइल दिसणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नाही कळायचं.

"मग?"

"मग मी ती उचलली आणि तिकडे नेऊन ठेवली." तिने मानेने भिंत दाखवली. भिंतीपलीकडे ॲनेट होती. "दुसरं काही सुचलंच नाही. एवढंच वाटलं, हे माझं नाही. गवतावरून धावले, तिच्या पायरीवर ठेवली, परत येऊन कडी लावली. संध्याकाळी गाडी आली. आधी माझ्या दारासमोर हळू झाली. मग पुढे सरकली आणि तिकडे थांबली."

"अगं, वेडे, डिश हलवून कुठे माणूस मरतो?"

"वेस जायचा होता त्या फेरीला. डिश बरोबर दारी आली होती. दार मी बदललं." ती हळूच बोलत होती, भिंतीला ऐकू जाऊ नये म्हणून. "आता तो समोर बसून जेवायला लागला की मला वाटतं, मी हा शेजारच्या घरातून चोरून आणलाय. आणि त्यालाही ते कळतं. कामावरून येताना कधी कधी तो तिकडेच वळतो. त्या पायरीवर पाय ठेवतो, दाराच्या मुठीपर्यंत हात नेतो, मग थांबतो. मी खिडकीतून बघते आणि मनात म्हणते, जा, जा आत."

तेवढ्यात पलीकडून काचेचं काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा.

"दोन ताटं," ट्रूडी म्हणाली. "रोज. एकटी बाई दोन ताटं मांडते."

मी चहा न पिता उठले. माझं डोकं अशा वेळी एकाच दिशेला धावतं. ती डिश केली कुणी? दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्या बायका असताना मी मोठ्याने विचारलं, "त्या शुक्रवारी कुणाचा ओव्हन चालू होता, बायांनो?" सगळ्यांनी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. पेगीने मात्र माझा दंड धरला आणि मला मागे, कोटांच्या रांगेआड नेलं. पेगी म्हणजे कर्नलची बायको आणि क्लबाची अध्यक्ष. फोटोत पहिली.

"माझी होती," ती म्हणाली. "नवीन आलेल्यांचं स्वागत माझ्याकडे असतं. सकाळीच भाजून ठेवली होती. मी केस कापायला गेले होते गं, फोन बंद झालेत हे मला कुठे ठाऊक? ॲनेटच्या पायरीवर ठेवली आणि आले."

"ॲनेटच्या नाही ठेवलीस. ट्रूडीच्या ठेवलीस."

ती बघतच राहिली. "दोन्ही दारं सारखीच तर आहेत."

"शाबास! नवरा नकाशे बघून सैन्य हलवतो आणि बायकोला डावं-उजवं कळत नाही."

"ओरडू नकोस, फुमिए. डिश गाडीच्या आधी गेली हे कळल्यापासून मी ओव्हन लावलेला नाही. आमच्या घरी महिनाभर सँडविच चाललंय." तिचे डोळे भरून आले आणि कर्नलचा आवाज कुठल्या कुठे गेला. मग मी तिला जास्त बोलले नाही.

मी मात्र खूश झाले. गाठ सुटली म्हणून तडक ट्रूडीकडे गेले आणि सगळं सांगितलं. डिश मरणाची नव्हतीच. स्वागताची होती. ॲनेटसाठीच होती. तू तर चुकलेला पत्ता दुरुस्त केलास, बाई!

ट्रूडीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या डिशवर कुणाचंच मरण लिहिलेलं नव्हतं?"

"नव्हतं. तेच सांगतेय मी मघापासून."

"मग ते मी लिहिलं," ट्रूडी म्हणाली.

 

शेवटी मी माझ्या आईची विद्या काढली. आमच्याकडे म्हणतात, माणूस जोरात दचकला की त्याचा माबुई, म्हणजे आतला जीव, तिथल्या तिथे गळून पडतो. माणूस पुढे चालत राहतो, खातो-पितो, पण आतून पोकळ. मग जिथे पडला त्याच जागी बसून, त्याच्या अंगातलं न धुतलेलं कापड पसरून, भात आणि पाणी ठेवून त्या जिवाला नावाने हाक मारायची. ज्याचा तो जीव, तोच माणूस ओ देतो आणि जीव परत शिरतो. महायुद्धात इथे झालेल्या लढाईनंतर माझ्या आईने कितीतरी जणांचे जीव असे उचलून दिले. या बेटाच्या मातीत न उचललेले फार आहेत, पण तो विषय नको. ट्रूडीला म्हटलं, जाण्याआधी माझं एवढं ऐक. तिने नाही म्हटलं नाही. बुडणाऱ्याला काडी कुणी दिली हे तो बघत नाही.

शनिवारी दिवेलागणीला मी गेले. वेस अजून कामावर होता. ॲनेटचंही विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. नवरा गेला की बेसवरचं घरही जातं, थोडे दिवस सवलत देतात इतकंच. मी ट्रूडीच्या पायरीवर भाताचे गोळे मांडले, वाटीत पाणी घेतलं, आणि म्हटलं, "चल, बस इथे."

ती नाही बसली. आपला ब्लाउज हातात घेऊन ती गवत ओलांडून गेली आणि ॲनेटच्या पायरीवर बसली.

"अगं, तुझी पायरी ही."

"माझा इथे पडला," ती म्हणाली.

मी भात उचलून तिकडे नेला. पण हाक मारायच्या आधीच ट्रूडीच्या पाठीमागचं दार उघडलं. ॲनेट उभी होती, अंगात रसेलचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"काय चाललंय हे?"

ट्रूडीने मान वर न करता सगळं सांगून टाकलं. डिश, फॉइल, गवत, कडी. "मला वाटलं मरण आलंय. मी ते तुझ्याकडे सरकवलं."

ॲनेट उंबऱ्यावर बसली. 

"मी तुला खिडकीतून बघितलं होतं," ती म्हणाली. "मला काय माहीत तुमचं ते फोन आणि गाडी आणि डिश. मी म्हटलं, किती चांगली शेजारीण आहे, लाजून पळून गेली. या बेटावर मला पहिल्यांदा कुणीतरी जेवायला दिलं होतं. मी गरम गरम खाल्लं. पुन्हा वाढून घेतलं. रसेलचा वाटा काढून ठेवला." तिने बाहीने नाक पुसलं. "अजून आहे तो. फ्रीजरमध्ये. रोज काढते, त्याच्या ताटात ठेवते, समोर बसते, पुन्हा ठेवून देते. उद्या मी जाणार. त्याचं काय करू मी?"

"मला शिव्या दे," ट्रूडी म्हणाली. "काहीतरी बोल मला."

"देईन. आधी मला सांगा," ॲनेट माझ्याकडे वळली, "ही तुमची हाक कुणालाही मारता येते?"

"जिवंतालाच," मी घाईघाईने म्हटलं. "गेलेल्याला अशी हाक मारत नाहीत, पोरी. तो आला तर राहील कुठे?"

"तूच मार, ट्रूडी," ॲनेट म्हणाली. मला तिने ऐकलंच नाही. "तू पाठवलंस म्हणतेस ना? मग तूच बोलाव त्याला."

मी ट्रूडीचा हात धरला. नको म्हटलं, माझ्या आईची शपथ घातली. तिने हात सोडवून घेतला.

"रसेल," ती पुटपुटली.  मग उभी राहून मोठ्याने, "रसेल!" समोरच्या घरात कुत्रं भुंकायचं थांबलं. ट्रूडीने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळा दम लावून तिसरी हाक मारली.

"ओ," आवाज आला. "आलो."

वेस गवतावर उभा होता. कामावरून नुकताच आलेला, बुटांना चिखल. तो ट्रूडीकडे बघत नव्हता. तो सरळ ॲनेटच्या पायरीपाशी आला आणि दमलेला माणूस आपल्या घरी बसतो तसा बसला.

"श्रद्धांजलीच्या दिवशी मैदानावर सार्जंटने हजेरी घेताना त्याच्या नावाने तीनदा हाक मारली," तो म्हणाला. "कुणी ओ दिली नाही. तसा रिवाजच आहे. पण मला राहवत नव्हतं."

ॲनेट आत गेली आणि ताट घेऊन आली. बटाटे, कोंबडी, चीजचा पिवळा थर. संध्याकाळी मांडायला म्हणून तिने आधीच बाहेर काढलं असणार. तिने ते वेसच्या मांडीवर ठेवलं आणि हातात चमचा दिला. तो खायला लागला. भरभर, मान खाली घालून, उपाशी माणसासारखा. अर्धं ताट संपल्यावर तो म्हणाला, "नेटी, मीठ कमी पडलंय."

ॲनेटने दाराची चौकट धरली. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं की या नावाने तिला या बेटावर एकाच माणसाने हाक मारली होती. वेसने ते रसेलच्या तोंडून ऐकलं असेल. असेलच. पलटणीतली माणसं दुसरं बोलतात काय, बायकांबद्दलच बोलतात. मी मनात हेच घोकत होते. मला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

ट्रूडी घाबरली नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, महिन्यात पहिल्यांदा त्याच्या इतक्या जवळ. त्याच्या कपाळावरचा घाम तिने आपल्या ब्लाउजने टिपला.

"पोटभर खा, रसेल," ती म्हणाली. "आणि मग माझ्या वेसला घरी पाठव."

त्याने ताट चाटूनपुसून संपवलं. ॲनेट आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आली, तो शेवटचा घोट घेईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग तिने दार लावून घेतलं.